ओजेटीचा आढावा घेणार असाल, तर एकदा कारखान्यातही या

प्रति,
नागपूर परिसरातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू, तसेच विद्यापरिषदांचे व अभ्यासमंडळांचे मा. सदस्य

विषय : पदव्युत्तर व पदवी अभ्यासक्रमांतील ऑन जॉब ट्रेनिंगचा फेरआढावा घेण्याबाबत

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यतेल शुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना लागू झाला आणि पहिल्याच वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिट्सची) ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे आता सगळ्यांच्या तोंडी बसलेली ओजेटी, आली. तेव्हापासून उन्हाळा लागला की महाविद्यालयाचे पत्र हातात घेऊन रसायनशास्त्राचे आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आमच्या गेटवर येऊ लागतात. जमेल तेवढ्यांना मी घेते, जमेल तेवढे शिकवते आणि शेवटी त्यांच्या वहीवर सही करते. संलग्न महाविद्यालयांतील पदवीचे वर्गही २०२४-२५ पासून याच आराखड्यात आलेले आहेत, त्यामुळे २०२६-२७ हे त्यांचे तिसरे वर्ष आणि त्यांच्याही वाट्याला ओजेटी आहे. पदव्युत्तरच्या मोजक्या विद्यार्थ्यांना सामावून घेतानाच जी ओढाताण होते ती पाहिल्यावर, पदवीच्या विद्यार्थ्यांची रीघ लागण्याआधी या उपक्रमाचा नीट आढावा घेतला जावा, असे मला मनापासून वाटते.

माझ्याकडे एकाहून अधिक विद्यापीठांचे विद्यार्थी येतात आणि अडचणी सगळीकडच्या सारख्याच असतात, म्हणून मी कोणाचेही नाव घेत नाही. उपक्रमाच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. विद्यार्थ्याने पदवी हातात पडण्याआधी प्रत्यक्ष कामाची जागा पाहावी, हे कोणालाही पटेल. माझे म्हणणे एवढेच आहे की आज ओजेटीची जी तपासणी होते ती कागदांची होते. विनंतीपत्र, हजेरीपत्रक, प्रमाणपत्र आणि अहवाल असे चार कागद फायलीला लागले की ४ श्रेयांक जमा होतात, आणि विद्यार्थ्याने तिथे नेमके काय काम केले, ते त्याला कितपत जमले, हे विचारायला विद्यापीठाकडून एकही माणूस कारखान्यात येत नाही. तो माणूस यायला लागला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्त कराव्या लागतील, असा माझा अंदाज आहे.

कागद काय दाखवतात त्याचा एक नमुना सांगते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी एक विद्यार्थी सहीसाठी वही घेऊन आला. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, एकूण तास, केलेले काम, अधिकाऱ्याची सही असे रकाने आखलेले होते. सगळ्या ओळी एकाच निळ्या शाईत आणि उघडच एका बैठकीत लिहिलेल्या होत्या. येण्याची वेळ रोज बरोबर दहा, आणि मध्येच एक रविवारही हजेरीत लागलेला, ज्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेला कुलूप असते. ‘केलेले काम’ या रकान्यात प्रत्येक दिवशी एकच शब्द होता, ‘टेस्टिंग’. वास्तविक मुलगा प्रामाणिक होता आणि त्याने मन लावून काम केले होते. पण रकाना अंगठ्याएवढा, विद्यापीठाला हवी तासांची बेरीज, तेव्हा त्याने बेरीज जुळवून आणली. बेरीज अचूक होती.

आता त्याच प्रयोगशाळेत जे घडते आणि कागदावर कधीच येत नाही, ते सांगते. कच्च्या सोयाबीन तेलाचा टँकर आला की माल उतरवून घेण्याआधी त्यातील मुक्त मेदाम्लाचे, म्हणजे तेलात सुट्या झालेल्या आम्लाचे, प्रमाण काढावे लागते. पद्धत सोपी आहे आणि पदवीला शिकवलेलीही असते : तेलाचा नमुना वजन करून घ्यायचा, उदासीन केलेले अल्कोहोल घालून गरम करायचे, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि गुलाबी छटा टिकेपर्यंत ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत राहायचे. एका विद्यार्थिनीची दोन वाचने एकमेकांपासून बरीच लांब आली. तिने माझ्याकडे पाहून विचारले, “मॅडम, उत्तर किती यायला पाहिजे?”

प्रश्न तिचा नव्हता, तिच्या आजवरच्या प्रॅक्टिकलचा होता. महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेले असते. दुसरे वाचन पहिल्याशी जुळत नसेल तर ते जुळवायचे कसे, हे मुलांना एकमेकांकडून कळते, आणि आपण सगळेच त्या वाटेने आलो आहोत. इथे मात्र उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. टँकरचा चालक गेटवर उभा होता, खरेदी विभागाचा फोन येऊन गेला होता, आणि तिच्या आकड्यावर मालाच्या भावातील कपात आणि पुढे ते आम्ल काढण्यासाठी घालायच्या कॉस्टिकची (कॉस्टिक सोड्याची) मात्रा ठरणार होती. मात्रा जास्त पडली तर चांगल्या तेलाचाच साबण होऊन वाया जातो, कमी पडली तर आम्ल तेलात तसेच राहते. तिला पुन्हा पहिल्यापासून करायला लावले तेव्हा चूक सापडली. पहिल्या वेळी तिने चंचुपात्र जोरात हलवलेच नव्हते, त्यामुळे तेलाच्या थरातील आम्ल अल्कोहोलमध्ये पुरते उतरण्याआधीच गुलाबी छटा दिसली आणि तिने हात थांबवला. तिसरे आणि चौथे वाचन जुळले. त्यानंतर तिने मला उत्तर किती यायला हवे असे कधी विचारले नाही. माझ्या मते तिचे ओजेटीचे श्रेयांक त्या दुपारी कमावले गेले, पण तिच्या वहीत त्या दिवसापुढेही ‘टेस्टिंग’ एवढेच लिहिलेले आहे.

दुर्दैवाने ती या टप्प्यावर आली तेव्हा तिचे थोडेच दिवस उरले होते. एका श्रेयांकाला ३० तास या हिशोबाने ४ श्रेयांकांचे १२० तास होतात, आणि आठ तासांच्या पाळीने ते १५ दिवसांत संपतात. पहिले काही दिवस सुरक्षेचे नियम, उपकरणांची ओळख आणि जागेची सवय यात जातात, पुढचे काही दिवस चुका करण्यात, आणि विद्यार्थी उपयोगी पडू लागतो न लागतो तोच प्रमाणपत्र मागायला येतो. मग सुपरवायझर मंडळी हिशोबी होतात. जो पंधरवड्यात जाणारच आहे त्याला मशीनवर उभे कोण करणार? त्याला जुनी रजिस्टरे संगणकात चढवायला बसवले जाते किंवा नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटपट्ट्या लावायला दिल्या जातात. काही महाविद्यालये तर हे तास सत्र चालू असतानाच रोज दोन-दोन तासांनी उरकायला सांगतात. बुटीबोरीच्या कारखान्यात दोन तासांसाठी जायचे म्हणजे जाण्यायेण्यातच तेवढा वेळ मोडतो. एप्रन चढवून नमुना हातात घेईपर्यंत निघायची वेळ झालेली असते.

शिवाय सगळे एकदम येतात. परीक्षा संपली की एकाच आठवड्यात अनेक महाविद्यालयांची पत्रे टेबलावर पडतात. आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी नीट उभे राहतील एवढीच जागा आहे. उरलेल्यांना मी नाही म्हणते, आणि ते मग कुठून तरी प्रमाणपत्र मिळवतात. पैसे भरले की १२० तासांचा शिक्का मारून देणारी दुकाने आता निघाली आहेत. अशी प्रमाणपत्रे मी स्वतः पाहिली आहेत आणि दिसायला ती आमच्या प्रमाणपत्रापेक्षा देखणी असतात. आणि जुलै उजाडला की आमची तीच जागा वर्षभर रिकामी असते.

या कोंडीवर उपाय शोधून शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन को-ऑप पद्धतीचा पहिला वर्ग सुरू केला. त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक आठवडाभर वर्गात असे तेव्हा दुसरा कारखान्यात, आणि पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्याच्या दृष्टीने ती जागा कधीच रिकामी पडत नसे आणि मालकाला विद्यार्थ्यावर खरे काम सोपवणे परवडत असे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हाच विचार मोठ्या प्रमाणावर राबवला. तिथे चार-चार महिन्यांची अभ्यासाची आणि कामाची सत्रे आलटून पालटून येतात, आणि कामाच्या सत्रानंतर मालक विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो.

आपल्याकडे हे जसेच्या तसे आणावे असे मी म्हणत नाही. आपले वेळापत्रक परीक्षांना बांधलेले आहे, निकाल कधी लागतात ते आपण सगळे जाणतो, आणि शेकडो संलग्न महाविद्यालयांना एका दोरीत ओवणे कुलगुरूंनाही सोपे नाही. पण विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये यांना हे बंधन तितके घट्ट नाही. त्यांनी आपली तुकडी दोन-तीन गटांत विभागून एकेक गट वेगवेगळ्या महिन्यांत सलग महिना-दीड महिना कामाला पाठवावा, आणि तेवढ्या काळात त्या गटाचे वर्ग पूर्ण बंद ठेवावेत. जाणारा विद्यार्थी येणाऱ्याला दोन दिवस काम समजावून देईल, हा त्यातला आणखी एक लाभ. निम्मे प्रशिक्षण तिथेच होऊन जाते. पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्पाचे श्रेयांक आहेतच. ज्याने पहिल्या वर्षी ज्या ठिकाणी काम केले त्याला तिथलाच प्रश्न प्रकल्पासाठी घेण्याची मुभा मिळाली, तर नवी तरतूद न करताही प्रशिक्षणाचा काळ लांबेल. आमच्याकडे असे प्रश्न पडलेले आहेत. साठवणीतल्या तेलाचे पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याची खूण, नागपूरच्या मे महिन्यात किती वेगाने वाढते, याची व्यवस्थित नोंद ठेवायला मला वर्षानुवर्षे माणूस मिळालेला नाही.

आता शिक्षकांविषयी. देशातच याचे चांगले उदाहरण आहे : पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’, म्हणजे विद्यार्थ्यांना उद्योगांत ठेवून शिकवण्याचा उपक्रम, सुरू केले तेव्हा विद्यार्थ्यांबरोबर संस्थेचे शिक्षकही कामाच्या ठिकाणी नेमले. आपल्याकडे सहीपुरते ‘मार्गदर्शक’ म्हणून ज्यांचे नाव असते त्या प्राध्यापकांना मी दोष देणार नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे असतात, आणि बुटीबोरीला किंवा कळमेश्वरला जाऊन विद्यार्थ्याला भेटण्याचा वेळ त्या तासांत धरला जातो असे मला एकाही प्राध्यापकाने सांगितलेले नाही. आणि मंजूर जागा रिकाम्या असल्यामुळे अनेक विभाग ज्यांच्या जिवावर चालतात त्या तासिका तत्त्वावरील शिक्षकांना तर वर्गातल्या तासाचेच पैसे मिळतात. त्यांनी पदरचे पेट्रोल जाळून एमआयडीसीत यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून ओजेटीच्या भेटी कार्यभारात मोजल्या जाव्यात, त्यांचा प्रवासभत्ता मिळावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला भेटीचा मोबदला तासाप्रमाणेच मिळावा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान दोन भेटी व्हाव्यात : एक सुरुवातीच्या आठवड्यात, काम नेमके कोणते द्यायचे हे आमच्यासोबत बसून ठरवण्यासाठी, आणि दुसरी शेवटाकडे, ते काम प्रत्यक्ष करून दाखवायला लावून गुण देण्यासाठी. शेवटच्या भेटीत विद्यार्थ्याला ब्युरेटसमोर उभे केले तर चाळीस पानी अहवालाची गरजच उरत नाही. त्या अहवालांची पहिली वीस पाने कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली असतात, हे आपल्यालाही माहीत आहे.

मूल्यमापनाचा जो नमुना आम्हाला भरायला येतो त्यात वक्तशीरपणा, वर्तणूक, पोशाख, संवादकौशल्य यांपुढे ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘समाधानकारक’ अशा चौकटी असतात. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या देखत ‘समाधानकारक’वर खूण करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. त्याऐवजी आम्हाला दोन-तीन साधे प्रश्न विचारावेत. त्याने कोणते काम एकट्याने केले? त्यात कोणती चूक झाली आणि ती कशी सुधारली? उद्या तेच काम तुम्ही त्याच्यावर देखरेखीशिवाय सोपवाल का? याची उत्तरे आमच्याकडून थेट शिक्षकाकडे जावीत, विद्यार्थ्याच्या हातून नकोत. असाच कागद विद्यार्थ्याकडूनही आमच्याविषयी भरून घ्यावा. जो कारखाना मुलांना फक्त रजिस्टरे उतरवायला बसवतो त्याचे नाव पुढच्या वर्षी यादीतून गेले पाहिजे, आणि त्यात आमचे नाव आले तरी माझी हरकत नाही.

पैशांचा विषय अवघड आहे, तरी तो टाळता येणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरले. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये होते. ओजेटीच्या विद्यार्थ्याला यांपैकी काहीच लागू होत नाही. भंडाऱ्याहून किंवा काटोलहून येऊन नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलाला उन्हाळ्याचे भाडे, मेस आणि प्रवास स्वतःच करावा लागतो. मेट्रो हिंगणा रोडवर लोकमान्य नगरपर्यंत येते, पुढे आतल्या शेडपर्यंत ऑटो. आमच्यासारखे मध्यम कारखाने पूर्ण विद्यावेतन देतील असे मी सांगू शकत नाही, कारण ते खरे ठरणार नाही. पण कॅन्टीनचे जेवण आणि पाळीची बस यांना आमच्याकडून हरकत नसते, कोणी मागत नाही एवढेच. प्रवासाचा पास विद्यापीठाने विद्यार्थी कल्याणाच्या निधीतून द्यावा. आणि ज्या शाखांत शक्य असेल तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेली पदवी सुरू करावी, म्हणजे विद्यावेतनाचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत सुटेल. कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. ओजेटीच्या विद्यार्थ्याच्या हातावर कॉस्टिक सांडले तर कोण उभे राहणार, हे आम्हाला येणाऱ्या पत्रात लिहिलेले नसते. अपघात विम्याचा कागद पत्रासोबतच जोडलेला यावा. हे काम एका परिपत्रकाचे आहे.

मी रसायनशास्त्रातली, त्यामुळे माझी उदाहरणे प्रयोगशाळेची आहेत. खरी आबाळ कला शाखेची होते. इतिहासात किंवा मराठीत एम.ए. करणाऱ्या मुलीला ओजेटीसाठी संगणकाच्या क्लासला पाठवतात, ही गोष्ट माझ्या नात्यातच घडली. या शहरात मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला, १८६३ पासूनचा. आकाशवाणीचे केंद्र आहे, वर्तमानपत्रांची कार्यालये आहेत, विदर्भ साहित्य संघ आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर नागपूरइतके सोयीचे गाव देशात शोधावे लागेल, कारण भारतीय खाण ब्यूरो, मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉइल आणि कोळशाच्या खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स या तिन्हींची मुख्यालये इथेच आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आवक आणि भाव महिनाभर रोज पहाटे टिपले तर ते प्रशिक्षण नव्हे असे कोण म्हणेल? या संस्थांशी करार करायला एकेका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतंत्रपणे दारे ठोठावू नयेत. विद्यापीठाने एकदाच बोलणी करावीत, कोणत्या महिन्यात किती जागा याचा तक्ता जाहीर करावा आणि महाविद्यालयांना त्यातून वाटप करावे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी आपली संपत्ती विद्यापीठाच्या नावे ठेवली आणि तिच्यातून १९४२ मध्ये संस्था उभी राहिली, त्या गावात उद्योग आणि विद्यापीठ यांच्यात एवढा संवाद अशक्य मानण्याचे कारण नाही.

आढाव्यासाठी जी समिती नेमाल तिच्यात निम्मे सदस्य तरी असे असावेत ज्यांनी ओजेटीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकवले आहे किंवा जे विद्यार्थी म्हणून त्यातून गेले आहेत. बैठक प्रशासकीय इमारतीत घेण्याआधी समितीने हिंगणा, बुटीबोरी, मिहान आणि शहरातले एखादे कार्यालय अशा चार ठिकाणी, प्रशिक्षण चालू असताना आणि आगाऊ न कळवता, अर्धा-अर्धा दिवस काढावा.

आमच्या प्रयोगशाळेपुरते सांगायचे तर येत्या वर्षात दोन विद्यार्थ्यांची जागा मी बाराही महिने राखून ठेवायला तयार आहे, आणि व्यवस्थापनाची त्याला तोंडी संमती घेतलेली आहे. अटी दोनच : प्रत्येक विद्यार्थी सलग किमान सहा आठवडे यावा, आणि त्याच्या शिक्षकाने पहिल्या आठवड्यात एकदा येऊन भेटावे. कोणत्या विभागाकडून आणि कोणत्या महिन्यापासून सुरुवात करायची ते कळवल्यास मी त्याप्रमाणे कामाचा तपशील लिहून पाठवीन.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख, खाद्यतेल शुद्धीकरण कारखाना,
हिंगणा औद्योगिक वसाहत, नागपूर